मध नाही, मग काय घालू?

आईबाबांनो,

गेली काही वर्षं मुलांची एक नवी मागणी घराघरांत ऐकू येते आहे. फोनवर कुठेतरी त्यांनी पाहिलेलं असतं: काचेच्या बरणीत भरलेला सोनेरी, कुरकुरीत ग्रॅनोला, त्यावर गार दूध, वर केळ्याचे काप. मग आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर असो, साकोली असो की लाखांदूर, मुलांचा एकच धोशा. 'आई, आपल्या घरी कर ना.' आई पाककृती उघडते आणि यादी वाचूनच थबकते. रोल्ड ओट्स, बदाम, अक्रोड, मेपल सिरप, सुकवलेली क्रॅनबेरी, चिया. ओट्स एखाद्या मोठ्या दुकानात मिळून जातील. बाकीच्या यादीसाठी नागपूरचा फेरा आणि चांगले पैसे मोजायची तयारी हवी.

अशा वेळी कुणी म्हणतं, 'कायले पाहिजे हे नसते लाड, पोहे खा मुकाट्यानं.' कुणी म्हणतं, 'बाबा नागपूरला गेले की पाकीट आणतील.' मूल दोन्ही वेळा गप्प बसतं आणि विषय संपतो. मला तुमच्याकडे आग्रहानं मागायचं आहे ते असं की हा विषय इतक्या लवकर संपवू नका. मुलाला म्हणा, 'चल, करून पाहू. यादीतलं आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते तूच सांग. जे नाही, त्याच्या जागी काय घालायचं तेही तूच ठरव.' आणि ते ठरवेल तेव्हा 'असं नसतं करत' हे शब्द जिभेवर आले तरी गिळून टाका. फक्त एवढंच विचारा, 'तू जे काढलंस ते तिथे काय काम करत होतं?'

या एका प्रश्नावर सारं अवलंबून आहे. बदामाच्या जागी शेंगदाणा घालणं हे स्वस्तातलं भागवणं नाही. दोघंही तेलाचे, दाताखाली येणारे, भाजल्यावर खमंग होणारे. मुलाला हे नातं कळलं की ते शेंगदाण्यावर थांबत नाही. कोहळ्याच्या धुऊन वाळवलेल्या बिया, टरबुजाचा मगज, तीळ, चारोळी असं स्वतःच शोधू लागतं. यादी पाठ करणारं मूल आणि यादी उलगडून पाहणारं मूल यांत फार अंतर आहे आणि ते अंतर स्वयंपाकघरात विनाखर्च कापता येतं.

ग्रॅनोला ही काही सोवळ्यातली पाककृती नाही, हेही मुलांना सांगा. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन आरोग्यधाम चालवत. १८६३ साली त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचं पीठ भाजून, फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' नावाचा पदार्थ केला. तो इतका कडक असे की खाण्याआधी तो रात्रभर दुधात भिजवावा लागे. पुढे अमेरिकेतल्याच बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका घेऊन स्वतःचा प्रकार केला, नावावरून वाद झाला तेव्हा त्याला 'ग्रॅनोला' म्हटलं. आज दिसतो तो मध-तेल लावून भाजलेला, सुक्यामेव्याचा प्रकार १९६० च्या दशकापासून लोकप्रिय झाला. म्हणजे ज्याच्याकडे जे होतं, ते घालूनच हा पदार्थ इथवर आला. आपण पोहे घातले तर कुणाचा अपमान होत नाही.

आता ओट्सच्या जागेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

माझी भाची पाचवीत आहे. दिवाळीच्या सुटीत ती लाखनीहून आली, तेव्हा तिनं डबे उघडून पाहिले आणि विचारलं, "मावशी, ओट्स नाहीत. मुरमुरे चालतीन काय?" मी म्हटलं, "घे ना." तिनं गूळ चिरला, अर्धी वाटी पाणी घालून विरघळवला आणि ते गोड पाणी तसंच मुरमुऱ्यांवर ओतलं. आमच्या डोळ्यांदेखत मुरमुरे आक्रसले, एकमेकांना चिकटले आणि परातीत ओला गोळा उरला. तिनं एक घास खाऊन तोंड वाकडं केलं. "काहून असं झालं वो?" मी विचारलं, "गुळात काय घातलं होतंस?" "पाणी." "ते आता कुठे आहे?" ती परातीकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मुरमुऱ्यात."

दुसऱ्यांदा आम्ही गॅसजवळ वाटीत गार पाणी घेऊन उभ्या राहिलो. गुळात जेमतेम दोन चमचे पाणी आणि चमचाभर तूप. पाकाला फेस आला की त्यातला एक थेंब वाटीत टाकायचा. पहिला थेंब पाण्यात विरून गेला. थोड्या वेळानं टाकलेल्याची मऊ गोळी झाली, बोटांत दाबली तर चपटी झाली. त्यानंतरची गोळी तिनं वाटीतून काढून स्टीलच्या ताटात टाकली, तर टणकन वाजली. "झाला!" ती ओरडलीच. मी गॅस बंद केला, मुरमुरे घातले, तिनं झाऱ्यानं भराभर हलवले. गार झाल्यावर ते इतके कुरकुरीत झाले की शेजारच्या पोरांनी डबा संध्याकाळपर्यंत टिकू दिला नाही.

यामागचं कारण साधं आहे. ओट्स गोडाचा ओलावा शोषून घेतात आणि मग ओव्हनमध्ये अर्धा तास राहिले की तो ओलावा उडून जातो. म्हणून ओट्सना पातळ मध चालतो. मुरमुरे आधीच फुललेले आणि कोरडे ठाक असतात. त्यांना पाण्याचा थेंब लागला की ते बसलेच. म्हणून मुरमुऱ्यांना, ज्वारीच्या लाह्यांना पक्का पाक लागतो. पोहे या दोघांच्या मधले. पातळ पोहे मंद आचेवर इतके परता की चिमटीत धरले तर चुरा होईल. मग मऊ गोळीच्या थोडा पुढचा पाक त्यांना पुरतो. जाड पोह्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. कोरडे भाजले तर ते दाताला टणक लागतात आणि लहान मुलं ते बाजूला काढून ठेवतात.

आपला जिल्हा धानाचा. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचं आपल्याला कौतुक आहेच. पण सुगंधी चिन्नोर भातालाच राहू द्या. ग्रॅनोलासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे पोहे, मुरमुरे उत्तम.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. जाड बुडाची लोखंडी कढई असली की झालं. भंडारा तर पितळी भांड्यांचं गाव, कित्येक घरांत आजीच्या काळातली पितळी कढई माळ्यावर असेल. कोरडं भाजायला ती फार छान, आच सगळीकडे सारखी धरते. पाक करायचा असेल तर मात्र आतून कल्हई आहे ना, हे पाहून घ्या. आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, ही गोष्ट मुलांना स्वतःच्या नाकानं शिकू द्या. शेंगदाण्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. जवस तडतडून बाहेर उडतं, त्यावर झाकण हवं. तीळ रंग बदलायच्या आत उतरवायचे. खोबऱ्याचे काप आणि चारोळी तर पाठ फिरवली की करपतात. सगळं एकदम कढईत लोटलं तर तिळाचा कोळसा होतो आणि शेंगदाणे कच्चे राहतात.

आमच्या घरी बसलेलं प्रमाण सांगते, पण ते ब्रह्मवाक्य मानू नका. तीन वाट्या पातळ पोहे, एक वाटी फुटाण्याची डाळ, अर्धी वाटी सोललेले शेंगदाणे, दोन-दोन मोठे चमचे जवस आणि तीळ, मूठभर सुक्या खोबऱ्याचे काप. पाकाला पाव वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे तूप, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. त्यानं गोडाची चव उठते आणि गूळ कमी घातला तरी चालतो. दालचिनीऐवजी सुंठ-वेलची. ओट्स मिळाले तर तीन वाट्या ओट्सला पाव वाटी तेल, पाव वाटी मध किंवा काकवी, आणि १५० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. मेपल सिरपच्या सर्वांत जवळची आपल्याकडची गोष्ट काकवीच. गुऱ्हाळ सुरू असताना कुणी जात असेल तर बाटलीभर मागवून ठेवा.

यानंतरची गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. आपल्या भागात वर्षभर जिन्नस बदलत जातात आणि मुलांना ते दाखवायला ग्रॅनोलासारखं निमित्त नाही. दिवाळीच्या सुमारास धान कापला जातो. कापणीआधीच बांधीतल्या ओलीवर जवस फेकायची आपली जुनी पद्धत. ते जवस फाल्गुनात घरात येतं. जवसात ओमेगा-३ जातीचं तेल भरपूर असतं, पाकिटावरच्या चियाची कीर्ती ज्यासाठी आहे ना, तेच. चैत्रात मोहफुलं गळतात, उन्हाळ्यात जंगलात चार पिकते आणि तिच्या बिया फोडून चारोळी निघते. हिवाळ्यात बोरं सुकवली जातात. क्रॅनबेरी घालायची कशासाठी? आंबट-गोड चव मध्येच दाताखाली यावी म्हणून. मग आठळी काढून सुकवलेली बोरं, आवळ्याचे वाळवलेले तुकडे काय वाईट? शाळेबाहेर बोरकूट विकत घेऊन खाणारी आपली मुलं हा बदल सुचवल्यावर किती खूश होतात, ते करून पाहा.

मोहफुलाबद्दल मुद्दाम बोलायचं आहे. पहाटे झाडाखाली टपटपलेली फुलं वेचणं हा आपल्या जिल्ह्यातल्या किती कुटुंबांचा उन्हाळ्याचा आधार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी लोक वाघाच्या रानात जीव मुठीत धरून जातात. फुलात साखर भरपूर, म्हणून वाळली की ती किसमिसासारखी गोड लागतात. आपल्याकडे मोहाचे लाडू, भाकरी, भाजलेल्या फुलांत तीळ कुटून केलेला खाऊ हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तरीही मोह म्हटलं की वर्गात पोरं 'दारू, दारू' म्हणून हसतात आणि डब्यात मोहाचा लाडू आणणारं मूल डबा झाकून खातं. हे मला सहन होत नाही. वाळलेल्या फुलात दारू नसते; ती फुलं आंबवून, गाळून बनवावी लागते. ग्रॅनोलात किसमिसाऐवजी मोहफुलं घाला आणि मुलांसमोर हे स्पष्ट बोला. फुलं नीट निवडा, आतले पुंकेसर झाडून काढा, धुऊन कडक वाळवा, तव्यावर जरा शेका आणि गॅस बंद केल्यावरच मिसळा. किसमिसालाही हाच नियम, नाहीतर ते खड्यासारखे कडक होतात. पहिल्यांदा थोडीच घाला, वास सगळ्यांना लगेच आवडत नाही.

एका जागी मात्र बदल करू नका. फुटाण्याच्या डाळीऐवजी भाजलेली लाखोळीची डाळ घालावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'नको' असं आहे. लाखोळी रोज, मोठ्या प्रमाणात पोटात गेली तर तिच्यातल्या विषारी घटकानं पायांतलं बळ जाऊ शकतं. तिच्या विक्रीवर आपल्याकडे कित्येक वर्षं बंदी होती, ती याच कारणानं. कधीमधी वरणात वेगळी आणि मुलांच्या रोजच्या खाऊत वेगळी.

गुळाबद्दल थोडं कटू बोलते, रागावू नका. 'गुळाचं आहे, किती का खाईना' हे आपल्या तोंडचं वाक्य. शरीराच्या हिशेबात गूळ, मध, काकवी ही सगळी साखरच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की दिवसभराच्या उष्मांकापैकी अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, ५ टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगलं. दिवसाला १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला हे ४० आणि २० ग्रॅम होतात. वर सांगितलेल्या प्रमाणात एका लहान वाटीत साधारण एक चहाचा चमचा गूळ येतो. पाकिटावर काय आहे, ते मुलाला वाचायला लावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे पहिला जिन्नस सर्वांत जास्त. त्यात साखर, मध, सिरप अशी तीन नावं वेगवेगळ्या जागी दिसली तर तिन्हींची बेरीज करायला सांगा. सहावीतलं मूल हे सहज करतं आणि एकदा केलं की दुकानात स्वतःहून पाकीट उलटून पाहू लागतं.

आणि हो, ग्रॅनोला हा मूठभर खायचा पदार्थ आहे. तेल, दाणे, गूळ यांमुळे त्यात थोडक्यात भरपूर उष्मांक असतात. वरण-भात-भाजी टाळून वाडगाभर ग्रॅनोला हे जेवण होत नाही.

लहानग्यांच्या बाबतीत काही गोष्टींना पर्याय नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नका. त्यातल्या जंतूंमुळे बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची मधाचं बोट लावायची हौस असते, त्यांना प्रेमानं पण ठामपणे सांगा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी जाडसर कूट करून दह्यात मिसळा, आणि खाताना बसवा. पळत पळत घास नको. शेंगदाणा किंवा तीळ खाल्ल्यावर पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कुबट वासाचे, काळसर, बुरशी आलेले दाणे धुऊन वापरू नका, सरळ फेका. उकळता पाक मोठ्यांनीच उतरवायचा. तो अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त भाजतो आणि कातडीला चिकटून राहतो.

बाबांनो, हे सगळं वाचून पान आईकडे सरकवू नका. मुलगा असो की मुलगी, कढईपाशी बाबा उभे असले की घरातल्या कामाच्या वाटणीबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही. आणि आयांना माझी विनंती आहे, तेव्हा तुम्ही ओट्यापासून दूर बसा. सांडेल, करपेल, एखादी खेप गाईपुढे ठेवावी लागेल. आपल्यातल्या बऱ्याच जणी 'सरक, मी करते' म्हणत चमचा हातातून घेतात. घेऊ नका. मुरमुऱ्यांचा गोळा झाला तेव्हा मी मध्येच पाक हातात घेतला असता तर 'काहून असं झालं' हा प्रश्न भाचीच्या तोंडून आलाच नसता.

शेवटी साठवण. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, आतल्या वाफेनं सगळं मऊ पडतं. जवसाचं तेल लवकर खवट होतं, त्यामुळे पंधरा दिवसांत संपेल इतकाच करा. डब्याच्या तळाशी उरणारा चुरा दह्यावर भुरभुरवा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली की घट्ट झाकणाच्या डब्यातलंही सादळतं, गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. मग ते पुन्हा कढईत घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता. आधी चिकट वाटेल, घाबरून उतरवू नका, हलवत राहा. नंतर ताटात पसरून गार होऊ द्या. हे काम आठवी-नववीतल्या मुलाकडे द्यायला हरकत नाही, त्या वयात गॅस सांभाळता येतो.